आजीच्या मतदानाचे साल तपासून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक आली की घरोघरी जुन्या मतदानाचे किस्से रंगतात. कुणी नाराज व्हायला नको म्हणून आजीने सगळ्याच चिन्हांवर शिक्के मारले, हा त्यातला सर्वांत लाडका. तो बहुधा १९५२चा म्हणून सांगितला जातो. पण १९५२ आणि १९५७च्या सार्वत्रिक निवडणुकांत मतदाराच्या हाती शिक्का नव्हताच. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर ना नाव, ना चिन्ह. ती हव्या त्या पेटीच्या फटीत सारायची, एवढेच.

म्हणून त्या काळच्या खऱ्या गमती पेटीच्या आहेत. कुणी पेटीला कुंकू-फुले वाहिली, कुणी आत नाणे टाकले, तर कुणी देवापुढे ठेवावी तशी मतपत्रिका पेटीवरच ठेवून हात जोडले. यातला शेवटचा प्रकार महागात पडे. आडोशामागे कोण काय करतो ते अधिकाऱ्याला दिसत नसे. मागून आलेला ती मतपत्रिका आपल्या पेटीत सारू शके किंवा खिशात घालून बाहेर विकू शके.

१९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या उमेदवारांचा एकच कागद आणि त्यावर मारायचा शिक्का आला. आजीचा किस्सा इथून पुढचा. एकाहून अधिक उमेदवारांपुढे शिक्का उमटला की मत बाद. शिक्क्याऐवजी अंगठा उठवला तरी बाद. घडीही जपून घालावी लागे: आधी उभी, मग आडवी. आधी आडवी घातली तर ओली शाई दुसऱ्या उमेदवारावर उमटे आणि मोजणीच्या टेबलावर वाद पेटे.

स्वतःचे नाव न सांगणाऱ्या आजीचा किस्सा मात्र पहिल्या निवडणुकीचाच. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. स्वतःच्या नावाशिवाय नोंद नको, हा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह मला योग्यच वाटतो. पण त्या बायकांचे मत गेले, हेही किस्स्यासोबत सांगायला हवे.

साल आठवत नसेल तर काँग्रेसचे चिन्ह विचारा. बैलजोडी म्हणजे १९६९च्या फुटीआधीचे, गाय-वासरू म्हणजे १९७१पासूनचे. पेटी की शिक्का, हेही विचारा. आपण वाचकांचे असे किस्से छापता, तेव्हा या दोन गोष्टी त्यांच्याकडून जरूर लिहून घ्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक