तिला तलवार दे

पॅरिस,
8 सप्टेंबर 2024

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. भावाबरोबर सरावाला येणारी, व्हीलचेअरवर बसून तलवारबाजीची शेवटची लढत संपेपर्यंत न हलणारी ती सातवीतली मुलगी. तू विचारलंयस, "घ्यावंसं फार वाटतं रे, पण पायांशिवाय आपल्या खेळात उरतं काय?" या आठवड्यात इथे ग्रां पालेच्या सभागृहात पॅरालिम्पिकची व्हीलचेअर तलवारबाजी पोटभर बघितली, म्हणून ठामपणे लिहितोय: तिला घे.

आधी मांडणी सांगतो, कारण तुझी खरी शंका तिथेच आहे. दोन्ही खुर्च्या जमिनीवरच्या लोखंडी फ्रेममध्ये पक्क्या आवळतात, मधल्या पट्टीशी 110 अंशांचा कोन करून. मग अंतर ठरतं, आणि ते बघताना तुझी फार आठवण झाली. एकाने हात सरळ ताणायचा, दुसऱ्याने कोपर दुमडून धरायचं. आपल्या तीन तलवारींपैकी फॉईलमध्ये टोक कोपराच्या आतल्या बाजूला पोचलं पाहिजे, इपी आणि सेबरमध्ये बाहेरच्या. दोघांच्या हातांची लांबी वेगळी असेल तर कोणाच्या मापाने बसायचं, हे आखूड हातवाल्याने सांगायचं. किती न्याय्य आहे बघ!

आपण उभं आयुष्य पायांनी अंतर चोरत आलो. समोरचा अंगावर आला की दोन पावलं मागे, सुटलो. इथे ती सोयच नाही. टोक चुकवायचं ते कंबरेतून मागे झुकून, आणि त्याच झोक्यात पुढे येऊन मारायचं. मोकळ्या हाताने खुर्ची घट्ट धरलेली, बूड सीटवरून उचललं की फाऊल. पॅरी (वार अडवणं) आणि रिपोस्ट (लगेच उलटा वार) इतके लागोपाठ येतात की मी टच, म्हणजे तलवारीचा स्पर्श, बघायचं सोडून नुसता तो झाला की लागणारा दिवा बघत होतो. एक खेळाडू, नाव सांगत बसत नाही, मुद्दाम धड किंचित पुढे टाकून वाट बघायचा. समोरच्याने हात लांबवला रे लांबवला, की हा मागे आणि लगेच पुढे. तू मुलांना 'सेकंड इन्टेन्शन' म्हणून घसा फोडून शिकवतोस ना, तेच! अंतर दोघांना वाटून दिल्यावर टायमिंग, बोटं आणि डोकं उरतं, आणि त्यात तुझा हातखंडा आहे.

नियम तुला नवे नाहीत. सुरुवातीच्या साखळी लढतींत (पूल) 5 टच, बाद फेरीत 15. फॉईलला फक्त धडावरचा टच धरतात, बाकी दोन्हींना कंबरेच्या वरचं सगळं. इपीत मांड्यांवर धातूच्या धाग्यांचं एप्रन असतं, म्हणजे खाली लागलं तर दिवा लागत नाही. ज्यांचा कंबरेवर चांगला ताबा आहे ते ए गटात. ज्यांचं धड किंवा तलवारीचा हात कमजोर आहे ते बी गटात. तिचा गट कोणता, हे तपासणारे ठरवतील. तू आधीच मनात ठरवून बसू नकोस.

बेबे वियोबद्दल तू वाचलं असशीलच. इटलीची. अकराव्या वर्षी मेनिंजायटिस झाला, दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि दोन्ही हात कोपराखाली गेले. फॉईल कृत्रिम हाताला बांधलेली असते. मनगट नाही, बोटं नाहीत, तरी रिओ आणि टोकियोत वैयक्तिक सुवर्ण. इथे तिला कांस्य मिळालं. पण मला सगळ्यात जास्त भावली थायलंडची सायसुनी जाना. तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात पाय निकामी झाले. आज वय 50, आणि इथे फॉईल, इपी, सेबर तिन्हींत सुवर्ण! आपण चाळिशीतच गुडघे धरून बसलो, मिल्या.

आणखी एक नाव तुझ्या मुलांना सांग: हंगेरीचा पाल सेकेरेश. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये फॉईलच्या सांघिक प्रकारात कांस्य. 1991 मध्ये बसचा अपघात. 1992 ला बार्सिलोना पॅरालिम्पिकमध्ये फॉईलचं सुवर्ण. त्याचा हात तोच होता, शिकलेलं सगळं तेच होतं.

भारताने यंदा 29 पदकं मिळवली, त्यात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य. छाती भरून आली. पण व्हीलचेअर तलवारबाजीत आपलं कोणीच नव्हतं, आणि ते मला बोचत राहिलं. पोरं नाहीत असं थोडंच आहे? दारात बसून बघणारी एक तर तुझ्याकडेच आहे.

हॉलच्या पायऱ्यांचं तू लिहिलंयस. रॅम्पसाठी अर्ज दे, आणि तो मंजूर होईपर्यंत दोन मोठी मुलं खुर्ची उचलतील. मात्र दर वेळी तिला विचारून. फ्रेम पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल. सुरुवातीला चाकांना पाचर लाव, समोर साध्या खुर्चीत तिचा भाऊ बसव, आणि हातात फॉईल दे. उभं खेळणाऱ्या पोरांनाही आळीपाळीने बसव, त्यांचे हात सुधारतील. फक्त मास्क आणि जॅकेट तिच्या मापाचंच घे, कोणाचं तरी जुनं ढगळ नको.

फ्रेमची मापं इथल्या एका प्रशिक्षकांकडे मागितली आहेत. आली की पाठवतो, तोवर वेल्डरशी बोलून ठेव. निम्मा खर्च माझा, यावर वाद नको. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अजय