अनाथोथचं शेत

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. एकदा वाचून बाजूला ठेवलं, आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा काढून बसलो. ज्या मंडळीत तू लहानाचा मोठा झालास तिथे पहिल्यांदा उपदेशाला उभा राहिलास, आणि उपदेश निम्म्यावर असताना दादा उठून गेला. बाक करकरला, मग दाराची कडी वाजली, आणि तेवढ्या वेळात तुला पुढचं वाक्यच सुचेना, असं तू लिहिलंयस. उपासना सुटल्यावर काका चारचौघांत म्हणाले, ''याचं नाक आम्ही पुसलंय, आणि हा आता आम्हाला पश्चात्ताप शिकवतोय.'' ते वाचताना माझ्याच पोटात कालवलं रे.

पत्राच्या शेवटी तू लिहितोस, ''संदेष्ट्याला त्याच्या घरी मान नसतो, हेच खरं.'' गेले दोन दिवस मी या एका वाक्यापाशी अडलोय. वाक्य प्रभूचं आहे, त्यामुळे खरं आहेच. पण तुझ्या पत्रात ते जिथे आलंय तिथे मला त्याची जरा भीती वाटते. ती भीती मी तुला सांगितली नाही तर आपली एवढ्या वर्षांची मैत्री कशाला?

आधी नासरेथबद्दल, प्रभूच्या स्वतःच्या गावाबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो प्रसंग सविस्तर आहे. प्रभू सभास्थानात वाचायला उभा राहतो, यशयाचा ग्रंथपट उलगडतो, वाचतो, पट गुंडाळून सेवकाच्या हातात देतो आणि खाली बसतो. सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळलेली. आणि पहिली प्रतिक्रिया चांगली होती! त्याच्या तोंडून निघणाऱ्या कृपेच्या शब्दांचं त्यांना नवल वाटलं, असं लूक लिहितो. आपण हे विसरतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, हा योसेफाचाच मुलगा ना? मार्क तर अख्खं घरच मोजून दाखवतो : हा तो सुतार, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ, आणि याच्या बहिणी इथे आपल्यातच आहेत ना? यातलं एक अक्षर खोटं नाही. त्यांना त्याच्याबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं बरोबर होतं, आणि त्या बरोबर माहितीलाच ते अडखळले. प्रभूने काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. म्हणजे यांच्या डोळ्यांसमोर सगळं आयुष्य गेलेलं. कुणाच्या दाराची चौकट त्याने बसवली असेल, कुणाचं जू नीट करून दिलं असेल. त्या चौकटीतून रोज ये-जा करणाऱ्याला कसं कळावं, की ती बसवणारा कोण होता?

पिकतं तिथे विकत नाही, असं आपण म्हणतो. पण नासरेथकरांना फक्त अवज्ञाच करायची नव्हती, त्यांना हक्कही हवा होता. कफर्णहूम गावात जे केलंस ते इथे, तुझ्या गावात कर, हे त्यांच्या मनातलं प्रभूने स्वतःच बोलून दाखवलं. घरचा आहे ना, मग आधी घरच्यांचं बघ. त्यावर प्रभूने त्यांना एलीया संदेष्ट्याच्या काळातली सारफथची विधवा आणि एलीशा संदेष्ट्याच्या काळातला सूरियाचा कुष्ठरोगी नामान आठवून दिला. दोघंही परकी. इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, कुष्ठरोगीही पुष्कळ होते, पण कृपा गेली ती या परक्यांच्या दारी. तिथे सभास्थान पेटलं. लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं आणि गाव ज्या डोंगरावर वसलं होतं त्याच्या कड्यापर्यंत नेलं. ज्यांनी त्याला अंगणात खेळताना पाहिलं होतं, त्यांचेच हात.

तो त्यांच्यामधून निघून गेला. एक शब्दही बोलल्याची नोंद नाही.

मार्कच्या सहाव्या अध्यायात एक ओळ आहे, ती तू आज पुन्हा वाच. त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं. माणसांकडे पाहून प्रभूला आश्चर्य वाटलं, असं शुभवर्तमानांत दोनच गोष्टींबद्दल लिहिलंय : एकदा रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून, आणि एकदा आपल्या गावचा अविश्वास पाहून. परक्याचा विश्वास आणि आपल्यांचा अविश्वास. म्हणजे त्यालाही ते टोचलं. मला यातच तुझ्यासाठी सगळ्यात मोठा दिलासा दिसतो. तुला त्या बाकाच्या आवाजाने जे झालं, ते लपवायचं किंवा त्याची लाज वाटायची गरज नाही. दुःख होणं हा विश्वासातला कमीपणा नव्हे.

आता भीती सांगतो. ''संदेष्ट्याला मान नसतो'' हे वाक्य प्रभूच्या तोंडी शोभतं, कारण त्याच्या बोलण्यात दोष नव्हता. आपण ते म्हणतो तेव्हा आपल्याला ते प्रमाणपत्रासारखं वापरता येतं. घरच्यांनी नाकारलं, म्हणजे मी खरा! किती सोपं. पण घरच्यांनी नाकारलेला प्रत्येक जण संदेष्टा नसतो. कधीकधी घरचे आपल्याला नाकारतात, कारण त्यांनी आपल्याला बाहेरच्यांपेक्षा जास्त जवळून पाहिलेलं असतं.

रागावू नकोस. तू उपदेशात एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांचं उदाहरण दिलंस, हे तूच लिहिलंयस. कुणाचं नाव घेतलं नाही, असंही लिहिलंयस. पण त्या मंडळीत त्या उदाहरणाला नाव लागतं का? तुमच्यातला अबोला बाकाबाकाला ठाऊक आहे. दादा वचन ऐकून उठला, की आपलं घर व्यासपीठावर मांडलेलं पाहून उठला? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत असेल. हा प्रश्न तू प्रार्थनेत एकदा तरी देवापुढे ठेव, एवढीच माझी विनंती.

आणि दादाचा विचार करताना मला अलीयाब आठवतो. दावीद रणभूमीवर भावांसाठी डबा घेऊन जातो आणि थोरला अलीयाब त्याच्यावर भडकतो : ती थोडीशी मेंढरं रानात कुणाकडे सोपवून आलास? तुझा गर्व मला ठाऊक आहे! त्या ''थोडीशी'' शब्दात किती विष आहे बघ. पण त्याच्या आधीचा अध्याय वाचला की अलीयाबाची कीव येते. शमुवेल संदेष्टा दावीदचा बाप इशाय याच्या घरी आला तेव्हा अलीयाबाला पाहूनच त्याला वाटलं होतं, हाच देवाचा अभिषिक्त. मग तो बाजूला झाला, एकेक करून सातही भाऊ बाजूला झाले, आणि रानातून बोलावून आणलेल्या धाकट्याच्या डोक्यावर त्यांच्या देखत तेल ओतलं गेलं. त्या दिवशी अलीयाबाच्या मनात काय झालं असेल, हे कुणी विचारलं नाही. तुझ्या दादाला कुणी विचारलं का? वडील गेल्यावर शिक्षण सोडून घराला खांदा लावला तो त्याने, आणि देवाच्या सेवेसाठी वेगळा काढला गेलास तो तू. यात तुझी चूक नाही. पण त्याची जखम खरी आहे.

हे मी वरून बोलत नाहीये. तुला माझे बाबा आठवतात. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला, आणि मांडीवर ते जुनं पवित्र शास्त्र, ज्याची पाठ निखळून पानं लोंबत होती. रोज रात्री ते आम्हाला वाचून दाखवायचे. आवाज सपाट, मध्येच खोकला. मी भिंतीला टेकून मनात उलट आकडे मोजायचो. त्यांचा राग, त्यांचं हिशेबावरून आईशी भांडणं, सगळं मी पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडचं देवाचं नाव मला कधी खरंच वाटलं नाही. पुढे विसाव्या वर्षी मी एका मेळाव्याला गेलो. कुणी अनोळखी उपदेशक उधळ्या पुत्राबद्दल बोलला आणि मी ढसाढसा रडलो. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बापाने मुलाला दुरूनच पाहिलं, धावत जाऊन गळ्यात पडला, जणू काही त्यांना ही नवीनच बातमी होती! हीच गोष्ट त्यांनी मला किमान पन्नास वेळा वाचून दाखवली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाबा ऐकत होते. ''हे मी तुला किती वेळा सांगितलं,'' असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. चष्मा काढला, दोऱ्याची गाठ चाचपली आणि म्हणाले, ''बरं झालं, बाळा.''

तेव्हा तुझ्या दादाला मी दुरून न्याय देऊ शकत नाही. नासरेथकर मी स्वतःच होतो, माझ्याच घरात.

प्रभूच्या भावांचं शेवटी काय झालं, हे आपण उपदेशात फारसं घेत नाही. (भाऊ म्हणजे सख्खे की नात्यातले, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही.) त्याच्या भावांनीही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, असं योहान सरळ लिहितो. एकदा तर त्याला वेड लागलंय असं समजून घरची माणसं त्याला धरून न्यायला निघाली होती. पण प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय उघड : स्वर्गारोहणानंतर माडीवर प्रार्थनेला कोण कोण बसलंय? प्रेषित, स्त्रिया, येशूची आई मरीया, ''आणि त्याचे भाऊ''. मधे काय घडलं? प्रेषित पौल करिंथकरांना जाता जाता सांगतो की पुनरुत्थित प्रभू याकोबाला दिसला. बस, एवढंच. त्या भेटीचं वर्णन कुठेही नाही, आणि मला वाटतं ते तसंच बरं आहे. भावाभावांतलं काही माडीवरच्या मंडळीलाही सांगायचं नसतं. हाच याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, आणि इ.स. ६२ मध्ये त्याला दगडमार करून मारलं, असं योसेफस हा यहूदी इतिहासकार नोंदवतो. त्याच्या नावाच्या पत्राची पहिली ओळ अशी आहे : देवाचा आणि प्रभू येशू ख्रिस्ताचा दास याकोब. दास! भाऊ म्हणवून घेतलं असतं तर कोण नाही म्हणालं असतं? यहूदाचंही तेच. तो स्वतःला येशू ख्रिस्ताचा दास आणि याकोबाचा भाऊ म्हणवतो.

आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठव. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नातलगांत आकांत झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी. त्या मधल्या वर्षांबद्दल मी अनेकदा विचार करतो. वाट पाहणाऱ्याला त्या वर्षांचा शेवट ठाऊक नसतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. यिर्मया संदेष्टा अनाथोथचा. यरुशलेमेपासून चालत जाण्याइतकं जवळ, याजकांचं गाव. त्याच गावच्या माणसांनी त्याला बजावलं होतं, परमेश्वराच्या नावाने बोलशील तर आमच्या हातून मरशील. आणि देवाने त्याला सांगितलं, तुझे भाऊ, तुझ्या बापाचं घराणं, त्यांनीही तुझा विश्वासघात केलाय. ते गोड बोलले तरी भरवसा ठेवू नकोस. हे अकरावा-बारावा अध्याय. आता बत्तिसावा उघड. बरीच वर्षं गेलीत. सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष, बाबेलच्या सैन्याचा नगराला वेढा, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, घराण्याची जमीन सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. हनामेल त्या जुन्या कटात होता की नव्हता, शास्त्र सांगत नाही. पण गाव तेच, घराणं तेच. आणि शेत कुठे? वेढ्यापलीकडे, जिथे यिर्मयाला पायही ठेवता येणार नव्हता.

त्याने ते घेतलं. १७ शेकेल वजनाची चांदी तराजूत तोलली, साक्षीदार बोलावले, खरेदीखतावर सही केली, शिक्का मारला. मोहोरबंद खत आणि उघडं खत, दोन्ही आपला लेखक बारूख याच्या हाती देऊन सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

बाबा गेल्यावर त्यांचं ते शास्त्र माझ्याकडे आलं. बत्तिसाव्या अध्यायात, मातीच्या भांड्याच्या त्या ओळीशेजारी, पेन्सिलीने माझं नाव लिहिलेलं आहे. बारीक, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात. तारीख नाही. मी मेळाव्याला गेलो त्याच्या आधीचं की नंतरचं, हे आता कुणाला विचारायचं?

दादाला समजावायला जाऊ नकोस. मोठं पत्रही लिहू नकोस, तुझी पत्रं उपदेशासारखी होतात. आईच्या औषधांचं तो एकटा बघतो ना, त्यात एक दिवस आड तू जात जा. तो बोलला नाही तरी बस. त्या उदाहरणाबद्दल माफी मागावीशी वाटली तर मंडळीत नको, घरी, तुम्ही दोघंच असताना माग.

आईला माझा सलाम. दादालाही सांग. तो ''हं'' म्हणेल, किंवा तेही म्हणणार नाही, तरी सांग.

तुझाच,
जिवलग