तिसऱ्या खुर्चीबद्दल सिस्टरांचे आभार

प्रिय सिस्टर,

गर्भातल्या बाळाच्या जीवनरक्षणाचं प्रेषितकार्य करू पाहणाऱ्या वसईतल्या तरुण मुलामुलींना तुम्ही घडवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय ते इतर धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) युवा गटांनाही तुमची पद्धत कळावी म्हणून.

सगळ्यात आधी सरावाच्या त्या तीन खुर्च्या. एकीवर अडचणीत सापडलेल्या गर्भवतीची भूमिका करणारी, समोर स्वयंसेवक, आणि तिसरीवर वही-पेन्सिल घेतलेला निरीक्षक. पहिली दहा मिनिटं सल्ला बंद. विचारायचं एवढंच: घरी कुणाला ठाऊक आहे? डॉक्टर काय म्हणाले? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? स्वयंसेवकाच्या प्रत्येक ‘पण’साठी निरीक्षकाने वहीत एक रेघ ओढायची. धर्मशिक्षण पक्कं असलेल्यांच्याच रेघा जास्त भरतात, कारण उत्तर तोंडाशी तयार असतं आणि समोरचीचं वाक्य संपायच्या आत ते बाहेर पडतं. वही समोर ठेवली की वेगळं समजवावं लागत नाही.

आठवड्यांचा हिशेब तुम्ही घोटून घेतलात, तेही फार मोलाचं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे गर्भधारणेपासून सहा आठवड्यांचं बाळ सोनोग्राफीच्या कागदावर आठ आठवड्यांचं असतं. इथे घोळ झाला आणि ऐकणाऱ्यांतल्या एखाद्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीने तो पकडला, की पुढचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही. त्या आठ आठवड्यांच्या बाळाची लांबी सुमारे दीड सेंटिमीटर. राजम्याचा एक दाणा तळहातावर ठेवून तुम्ही तो हातोहात फिरवायला लावता, आणि वर्ग आपोआप शांत होतो. रक्ताळलेली चित्रं तुम्ही वर्गात येऊच देत नाही. ऐकणाऱ्यांत गर्भपात झालेली एखादी असू शकते, आणि तीच सगळ्यात आधी उठून जाते.

तिच्यासाठी काय बोलायचं, हेही तुमच्यामुळे कळलं. ‘क्षमेसाठी बिशपांकडेच जावं लागेल’ असं अजूनही काही जण सांगतात. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्वच धर्मगुरूंना कायमचा दिला. हे एक वाक्य माहीत नसल्याने कुणी वर्षानुवर्षं पापनिवेदनापासून दूर राहावं, ही केवढी मोठी हानी!

गर्भपाताचा कायदा आम्हाला पटत नाही, पण तो चुकीचा सांगणं हे खोटं बोलणंच, यावर तुम्ही ठाम आहात. 1971 चा कायदा, 2021 ची दुरुस्ती: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 20 ते 24 मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. सोनोग्राफीचा फोटो पाहून ‘मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न गमतीतही नको. आणि मुलगी 18 वर्षांखालची असेल तर ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. भावनेच्या भरात दिलेलं वचन मोडावं लागलं तर ती मुलगी पुन्हा कुणावरच विश्वास ठेवत नाही.

‘आम्ही सगळं बघू’ हे वाक्यही तुम्ही बंद केलंत. त्याऐवजी प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड: जवळच्या सरकारी प्रसूतिगृहाचा नंबर, रुग्णवाहिकेचा 108, चाइल्डलाइनचा 1098, बालकल्याण समितीचा पत्ता, आणि काही दिवस खोली द्यायला तयार असलेली निदान दोन कुटुंबं. बाळ दत्तक द्यायचं असेल तर आईने समितीपुढे स्वतः हजर राहून कागदावर सही करायची, आणि त्यानंतरही विचार बदलायला तिला 60 दिवस मिळतात. हे साठ दिवस सांगायला स्वयंसेवक हमखास विसरतात. दत्तकाच्या नावाने घाबरणाऱ्या आईला मात्र तेवढंच ऐकायचं असतं. म्हणून आता कार्डाच्या मागच्या बाजूला ‘60’ हा आकडा मोठा छापला आहे.

28 डिसेंबरला, निरपराध बालकांच्या सणाला, संध्याकाळची मिस्सा तुमच्यासाठी अर्पण करणार आहोत. जमलं तर या. नव्या तुकडीच्या वह्या तेव्हा तुम्हालाच तपासायला देणार आहोत.

तुमचे कृतज्ञ,
धर्मग्रामाच्या युवा गटाचे प्रशिक्षक