काकांच्या कानशीची सुरी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

सोबतच्या लाकडी पेटीत एक सुरी आहे. ती मी काकांच्या स्मरणार्थ केली आहे आणि ती तुझ्यासाठी आहे. ती कशापासून केली आणि तू ती कशी वापरावीस, हे फोनवर सांगता आले असते. परंतु नीट सांभाळलेली सुरी माणसापेक्षा अधिक काळ टिकते, आणि पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्यालाही तिची हकीकत कळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी त्यांची हत्यारे पाहण्यासाठी मला बोलावले. रंधे, पटाशा, करवती सगळे जागच्या जागी होते. एका खणात एक जुनी चपटी कानस मिळाली. तिचे दाते झिजून बोथट झाले होते, तरी काकांनी ती तेल लावून कापडात गुंडाळून ठेवली होती. या कानशीची एक उत्तम सुरी होईल, असे ते मला अनेकदा म्हणत असत. हाताशी नेहमी दुसऱ्याचे काम असल्यामुळे स्वतःसाठी योजलेले हे काम मात्र राहून गेले. काकूंनी ती कानस माझ्या हातात दिली तेव्हा काकांच्या आठवणीसाठी काय करावे, हा प्रश्न माझ्यापुरता उरलाच नाही.

चांगल्या कानशीच्या पोलादात साधारणपणे 1 टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो आणि धारेसाठी ते पोलाद उत्तम असते. काही स्वस्त कानशींचा मात्र केवळ वरचा थर कठीण केलेला असतो आणि आतला गाभा मऊ राहतो, त्यामुळे आधी परीक्षा करावी लागते. ग्राइंडरवर टोक लावल्यावर ठिणग्या दाट उडाल्या आणि पुढे जाऊन अनेक फाट्यांनी फुटल्या, तर कार्बन भरपूर आहे असे समजावे. काकांची कानस त्या परीक्षेत पूर्ण उतरली. त्यानंतर ती भट्टीत तापवून राखेत पुरून ठेवली, कारण कानस मूळची इतकी कठीण असते की आपटली तर तिचे तुकडे होतात. राखेत अगदी सावकाश थंड झाल्यावरच पोलाद मऊ होते आणि त्याला आकार देता येतो.

यानंतर एका गोष्टीचा निर्णय मला फार जड गेला. कानशीपासून सुरी करणारे अनेक कारागीर दात्यांची नक्षी पात्यावर मुद्दाम राखतात आणि ती दिसतेही सुरेख. काकांच्या हातांनी झिजवलेले दाते तुला दिसावेत, असे मलाही मनापासून वाटत होते. परंतु दात्यांच्या खाचांत ताण एकवटतो, पाणी देताना, म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून कठीण करताना, पाते नेमके तेथून तडकू शकते, आणि पुढे त्याच खाचांत ओल साचून गंज धरतो. सुंदर दिसणारी पण कामात दगा देणारी सुरी काकांनी कधीच पसंत केली नसती. म्हणून पात्यावरचे सर्व दाते मी घासून काढले. फक्त मुठीत जाणारा भाग जसा होता तसा ठेवला आहे. त्यावर कारखान्याचा शिक्का आहे आणि आपली हत्यारे ओळखू यावीत म्हणून काका जी छोटी खूण कोरत असत तीही आहे. तो भाग कठीण केलेला नाही, त्यामुळे तेथे तडकण्याची भीती नव्हती. मुठीचे लाकूड बसल्यानंतर ती खूण आता झाकली गेली आहे. ती तेथे आहे हे काकूंना, मला आणि आता तुला ठाऊक आहे.

पोलादाला पाणी देणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे. तापलेले पोलाद सुमारे 770 अंश सेल्सिअसला पोहोचले की त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्यापेक्षा किंचित वर, 800 अंशांच्या आत, ते थोडा वेळ समान तापवायचे आणि लगेच कोमट तेलात बुडवायचे. उष्णता फार वाढली तर पोलादाचे कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ होते. थंड करण्यात उशीर झाला तर ते पुरेसे कठीणच होत नाही, कारण अशा पोलादाला सुमारे 540 अंशांखाली उतरायला जेमतेम एका सेकंदाचा अवधी मिळतो. पाते मुळात पातळ असल्याने तेलही तेवढ्या वेगाने उष्णता खेचून घेते, आणि पाण्यापेक्षा तेलात तडकण्याचा धोका कमी असतो. इतक्या झटपट थंड झाल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळ राहत नाही, तो लोखंडाच्या रचनेतच अडकून पडतो आणि पोलाद काचेइतके कठीण होते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. अडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ हे नाव दिलेले आहे. पाते पुसताना मला त्यांची आठवण झाली. ज्यांनी ते नाव कधी ऐकलेलेही नाही अशा असंख्य कारागिरांच्या हातून त्यांचे स्मरण रोज जपले जात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

अशा अवस्थेतले पाते मात्र वापरता येत नाही. रॉकवेल सी मापावर त्याची कठीणता 65 च्या आसपास असते आणि जरासा वाकडा ताण पडला तरी ते मोडते. म्हणून ते लगेच 200 अंशांवर दोन तास, आणि थंड झाल्यावर पुन्हा तेवढाच वेळ तापवले. त्यामुळे कठीणता 60 च्या आसपास उतरते, पात्यावर फिकट पिवळसर रंग चढतो आणि पोलादात चिवटपणा येतो. नंतर धार पाण्यात बुडवून ठेवून केवळ पाठ निळसर होईपर्यंत तापवली, म्हणजे धार कठीण राहते आणि पाठ ताण सोसते. अमेरिकेत 1976 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत याच दोन गुणांचा कस लागतो. लोंबकळती दोरी एका घावात कापणारे आणि लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडल्यावरही केस कापू शकणारे पाते शेवटी व्हाइसमध्ये धरून 90 अंशांत वाकवतात. आपली सुरी तशा परीक्षेसाठी केलेली नाही, पण कठीण आणि चिवट हे दोन्ही गुण एकाच पात्यात हवेत हे तत्त्व तेच आहे.

मुठीचे शिसव काकांच्याच उरलेल्या फळीचे आहे. ते एपॉक्सीने चिकटवून पितळी खिळ्यांनी पक्के केले आहे आणि वर जवसाचे तेल मुरवले आहे. मुठीला पुढे कधी तेल लावलेस तर ते फडके चुरगळून टाकू नकोस, उघड्यावर पसरून वाळव. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.

पात्यावर काकांचे नाव आणि तारखा कोराव्यात, असे एकाने सुचवले होते. त्यामागची भावना मी समजू शकतो, परंतु नाव कोरले की वस्तू काचेच्या कपाटात जाते आणि तिला हात लावायला माणसे संकोचतात. काकांनी कोणाचेही हत्यार मागून नेले तर ते परत करताना त्याला धार लावलेली असे. ज्याचे हत्यार होते त्याला ते सांगतही नसत. त्याला दुसऱ्या दिवशी काम करताना ते आपोआप कळे. असा माणूस वापरात असलेल्या, चांगल्या धारेच्या सुरीतच आठवावा, असे मला वाटते. तू लाकूडकाम करतेस, पहिल्यांदा रंधा धरायला त्यांच्याकडेच शिकलीस, म्हणून ही सुरी तुझ्याकडे आली आहे. हिने लाकडावर रेघ आख, दोरी काप, खुंट्या तास.

हे पोलाद स्टेनलेस नाही. वापरता वापरता पात्यावर करडी-निळसर झाक येईल. ती घासून काढू नकोस, तिच्यामुळे पात्याचे थोडे रक्षणच होते. लाल गंज दिसला तर मात्र लगेच तेल लावून पुसून काढ. सुरी चामड्याच्या म्यानात फार दिवस ठेवू नये, चामडे ओल धरते. धार दगडावरच लाव, दोन्ही बाजूंना सुमारे 20 अंशांचा कोन ठेव आणि एका बाजूच्या कडेला बारीक लव उठलेली बोटाला जाणवली की दुसरी बाजू घे. कोरड्या वेगवान ग्राइंडरवर ती कधीही धरू नकोस. पातळ कड क्षणात तापते आणि तेथे निळा रंग दिसला की त्या जागेची कठीणता गेली असे समजावे. प्रत्येक वेळी धार लावताना थोडे पोलाद झिजणार, पाते वर्षांनुवर्षे अरुंद होत जाणार. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, आणि झिजेल या भीतीने बोथट सुरी वापरू नकोस. बोथट हत्याराला जोर अधिक लावावा लागतो आणि तेच हातावर घसरते.

सुरी मिळाल्यावर काकूंना तू स्वतः पत्र लिही. मुठीचे शिसव कसे दिसते, तुझ्या हाताला ती कशी बसते आणि तिने पहिले काम कोणते केलेस, ते त्यांना कळव. त्या वाट पाहत आहेत.

तुझा,
बाबा