अहवालातले ते २ सेंटिमीटर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ड्रोनने केलेल्या मोजणीच्या बातम्यांत कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि उड्डाण किती उंचीवरून, हे हमखास येते. फोटोंपासून बनलेला नकाशा जमिनीवर पक्का बसवणाऱ्या ग्राउंड कंट्रोल पॉइंटचा (जीसीपी), म्हणजे जमिनीवर खूण करून नेमकी जागा मोजलेल्या बिंदूंचा उल्लेख क्वचितच असतो. मोजणीवर किती विसंबायचे, ते या बिंदूंवर ठरते.

३ बिंदूंवर गणित सुटते, पण चूक पकडता येत नाही. निदान ५ हवेत: ४ कोपऱ्यांकडे, १ मध्यात, चढउतार असेल तर माथ्यावर आणि तळाशीही. अगदी हद्दीच्या टोकाला नकोत, तिथे फोटोंचा ओव्हरलॅप (एकमेकांवर येणारा भाग) कमी पडतो. सगळे बिंदू रस्त्याकडेने एका ओळीत ठेवले (सोय म्हणून ठेवतातच) की नकाशा त्या रेषेभोवती कलू शकतो. मध्य मोकळा सोडला तर लेन्सच्या दोषामुळे तो फुगतो किंवा खचतो. एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे २ सेंटिमीटर येत असतील तर खूण निदान २० सेंटिमीटरची हवी, तीही काळ्या-पांढऱ्या चौकटींची. नुसता पांढरा रंग उन्हात फटफटतो आणि मध्य सापडत नाही.

कोऑर्डिनेटची, म्हणजे बिंदूंच्या जागेच्या आकड्यांची फाइल भरताना पूर्व-उत्तर आकड्यांची अदलाबदल झाली किंवा यूटीएम या नकाशा-पद्धतीतला झोन (पृथ्वीचा पट्टा) चुकला, तर ते लगेच दिसते. उंचीचे तसे नाही. ती एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) की समुद्रसपाटीपासूनची, हा घोळ झाला तर नकाशा दिसायला झकास आणि उंची सगळीकडे सारखीच चुकलेली! जगात काही ठिकाणी हा फरक १०० मीटरच्या आसपास जातो.

मग सॉफ्टवेअरमध्ये फोटोंवर खुणा टिपणे. प्रत्येक बिंदू निरनिराळ्या बाजूंच्या ५ ते ८ फोटोंत, फोटो पूर्ण मोठा करून, खुणेच्या बरोबर मध्यावर टिपावा. धूसर फोटो आणि खूण अगदी कडेला आलेले फोटो सोडून द्यावेत. सॉफ्टवेअर स्वतः सुचवते ती जागा हा अंदाज असतो, डोळे झाकून स्वीकारू नये. एकाच फोटोत ३-४ पिक्सेलची चूक आणि बाकीच्यांत अर्ध्याच्या आत, तर तो क्लिक चुकला. सगळे क्लिक तपासूनही बिंदूची चूक मीटरमध्ये मोठी राहिली, तर दोष जागेवर घेतलेल्या मापाचा किंवा फाइलमधल्या आकड्याचा. नेमका असा बिंदू कारण न शोधता गुपचूप वगळला की अहवालातला आकडा सुधारतो. नकाशा सुधारत नाही.

ज्या बिंदूंवर नकाशा बसवला त्यांच्यावरच मोजलेली २ सेंटिमीटरची चूक म्हणजे परीक्षार्थ्यानेच तपासलेला पेपर. म्हणून काही बिंदू गणितात न घेता चेक पॉइंट म्हणून राखून ठेवायचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फक्त बिंदूचा प्रकार बदलावा लागतो. मोजणी करून घेणाऱ्यांनी अहवालात चेक पॉइंट किती होते आणि त्यांवरची चूक आडवी किती, उभी किती, हे वेगवेगळे मागावे. ते आकडे नसतील तर अहवाल परत पाठवावा.

आपला,
एक सर्वेक्षक