बुकिंगच्या आधी एवढं वाचून घे

प्रिय बाळ,

ब्रोशर बघितलं, व्हिडिओ पण बघितला, दोन्ही फ्लॅटचे प्लॅन मोबाईलवर मोठे करून करून बघितले. छान वाटलं गं. स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या नावावर घर घेतेयस याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आणि दुसरं कारण असं की माझी सगळी नोकरी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढण्यात गेली, त्यामुळे प्लॅन हातात आला की मला खोल्यांच्या आधी बाकीच्याच गोष्टी दिसायला लागतात, आणि त्या फोनवर सांगायला गेले की तुला वाटतं आई नाट लावतेय. नाट लावत नाहीये. घर घेच. फक्त दोघांतलं कुठलं आणि काय काय बघून, एवढंच सांगायचंय.

दोन्ही फ्लॅट नवेच आहेत. एक पहिल्या फेजमधला, चौथ्या मजल्यावरचा, तिथे माणसं राहायला आलीयेत पण खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते. दुसरा नव्या टॉवरमधला, वरचा मजला, समोर सगळं मोकळं हिरवं. तुझं मन त्या दुसऱ्यात अडकलंय हे कळतंय मला, फोटोच इतका सुंदर पाठवलास. पण ते समोरचं हिरवं तुझं नाहीये बाळा, ते कुणाच्यातरी मालकीचं आहे आणि वाढत्या भागातला मोकळा प्लॉट हा फक्त अजून न बांधलेला प्लॉट असतो. म्हणून पहिलं काम कर, त्या भागाचा विकास आराखडा काढून बघ. त्या समोरच्या जागेवर कुठला रंग भरलाय, रहिवासी आहे की कमर्शियल की मैदानाचं आरक्षण, आणि आपल्या कंपाऊंडच्या बाजूने तुटक रेषांनी एखादा रुंद रस्ता दाखवलाय का. तुटक रेषेचा तो रस्ता आज शेतातली पायवाट दिसत असेल, उद्या तिथून ट्रक जातील आणि त्यांचा आवाज बेडरूममध्ये येईल. आणि शाळेचं आरक्षण दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, जागा राखून ठेवलीय एवढाच त्याचा अर्थ, शाळा कधी होईल हे त्या नकाशात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. वाढत्या भागात घर आज मिळतं, वस्ती मागून येते. किती मागून ते बिल्डरला पण माहीत नसतं. त्यामुळे जे आज उभं आहे, आज चालू आहे, तेवढंच हिशोबात धर. आजच्या रस्त्याने, आजच्या पाण्यावर, आजच्या बसने तुला तिथे चार-पाच वर्षं राहता येईल का? येत असेल तर घे, आणि पुढे मेट्रो आली, हॉस्पिटल आलं तर आनंदच आहे. पण मेट्रो येणार म्हणून आज जास्त पैसे मोजायचे, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं. ब्रोशरमध्ये 'स्टेशनपासून दहा मिनिटं' लिहिलंय ना, ती दहा मिनिटं रविवारी सकाळी गाडीने जाणाऱ्याची असतात. तू कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, तुझ्या नेहमीच्या साधनाने जाऊन बघ आणि येताना पण त्याच गर्दीत ये. एका फेरीला पाऊण तास जास्त लागला तर रोजचा दीड तास, वर्षाला २५० दिवस ऑफिस धरलं तरी ३७५ तास होतात, म्हणजे दिवसरात्र मोजले तर पंधरा दिवसांच्या वर. हे पण त्या घराच्या किमतीतच आलं.

भर पावसात एकदा जा. पाऊस नसेल तर निदान तिथल्या मूळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल, पाणी कुठून यायचं, कुठे साचायचं, ओढा कुठून जात होता हे त्यांना पाठ असतं. बहुतेक उपनगरांत आधी उंच, चांगली जागा बांधून होते आणि मग खोलगट जागांवर भराव पडतो. भराव टाकला म्हणून पाण्याची जुनी वाट बदलत नाही, उलट आजूबाजूला सगळं काँक्रीट आणि पेव्हर झाल्यावर जमिनीत मुरणारं पाणी पण रस्त्यावर येतं आणि पहिल्यापेक्षा जोरात येतं. गेटपाशी उभी राहून बघ, रस्त्याची पातळी वर आहे की बिल्डिंगच्या जोत्याची. पार्किंग बेसमेंटला असेल तर तिथल्या भिंतींवर खालच्या बाजूला पाण्याची रेघ दिसते का बघ, रंग नवा असला तरी खांबांच्या कोपऱ्यात खूण राहते.

पिण्याच्या पाण्याचं सेल्समनला विचारू नकोस, वॉचमनला विचार, रोज किती टँकर येतात. आणि रात्री साडेआठ-नऊला जाऊन बिल्डिंगकडे नुसतं बघ, किती घरांत दिवे लागलेत. विकले गेलेले फ्लॅट आणि राहते फ्लॅट यात खूप फरक असतो, बरेच जण गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवतात. निम्मी घरं अंधारात असतील तर लिफ्ट, पंप, सिक्युरिटी यांचा खर्च काही निम्मा होत नाही, आणि कुलूपवाल्यांनी मेंटेनन्स थकवला की राहणाऱ्यांच्याच सोयी बंद पडतात. शिवाय रात्री दहाला स्टेशनवरून तू एकटी येणार, त्या वाटेवर दुकानं उघडी असणं, माणसं असणं याची किंमत मला खिडकीतल्या व्ह्यूपेक्षा जास्त वाटते. मला वाटते म्हणजे वाटतेच, यात मी हटणार नाही.

अजून एक गोष्ट लोक बघत नाहीत. बिल्डरच्या पुढच्या फेज अजून बाकी आहेत, म्हणजे पुढची काही वर्षं तो तुझ्या शेजारी नवे फ्लॅट विकतच राहणार. मधे तुझी बदली झाली, विकायची वेळ आली, तर तुझी स्पर्धा त्याच्याशी, आणि गिऱ्हाईक कोरं घर सोडून तुझ्याकडे कशाला येईल? म्हणून दोन-तीन वर्षांत विकू या हिशोबाने हे घर घेऊ नकोस, राहायचं असेल तरच घे. आणि क्लबहाऊस, स्विमिंग पूल कुठल्या फेजमध्ये दाखवलेत ते बघ, बहुतेक वेळा शेवटच्या.

सॅम्पल फ्लॅट बघून काही ठरवायचं नाही, हे लिहायची गरज नाही पण लिहिते. तिथे आतले दरवाजे काढून ठेवलेले असतात, बेड बेताच्या मापाचे असतात, एका भिंतीला आरसा असतो, खोली मोठी दिसणारच. तुझा प्रत्यक्षातला फ्लॅट तयार आहे ना, मग टेप घेऊन तोच मोज. प्लॅनवरचं माप कित्येकदा विटेपासून विटेपर्यंतचं असतं, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरलं की खोली साधारण इंचभर कमी भरते, तेवढं चालतं, त्याहून जास्त कमी भरली तर विचारायचं. आणि दर कुठल्या एरियावर लावलाय ते आधी विचार. सुपर बिल्टअप, म्हणजे जिने-लिफ्ट-लॉबीचा वाटा धरून, १००० चौरस फूट म्हणाले आणि लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेला तो वाटा, ३५ टक्के असेल तर पायाखाली येणारं कार्पेट ७४० च्या आसपासच असतं. दोन फ्लॅटची तुलना करायची तर कार्पेटवरच कर, तुझ्या त्या तक्त्यात तू एकाचं कार्पेट आणि दुसऱ्याचं सुपर बिल्टअप शेजारी शेजारी लिहिलंयस, म्हणून तो दुसरा स्वस्त दिसतोय.

नव्या भिंतीला तडे असतातच, घाबरू नकोस, पण कुठला तडा कसला ते ओळखता यायला हवं. खांब-तुळईचं काँक्रीट आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ रेषेत केसाएवढी भेग जाते, दोन्ही वेगवेगळे आकसतात म्हणून, ती भरून रंगवता येते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत गेलेला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक आडवी रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. काही आठवड्यांनी तडा रेघेच्या पुढे गेलेला दिसला तर तो वाढतोय, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही. ऑफिसातले साइटवरचे लोक हेच करायचे, साधी पेन्सिल पुरते.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत आणि ते जाळीकडे जातंय की दाराकडे ते बघ, मग खालच्या मजल्यावरचा फ्लॅट उघडायला लावून त्याच्या बाथरूमचं छत बघ. शक्य असेल तर जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायला सांग आणि मग बघ. टाइलवर नाणं वाजवत जा, कोपऱ्यांत पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. बंद फ्लॅटमध्ये गटाराचा वास आला तर मात्र लगेच नाव ठेवू नकोस, बरेचदा जाळीखाली वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, तांब्याभर पाणी घातलं की वास थांबतो, नाही थांबला तर गडबड आहे. विजेच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच, असेल, तो ३० मिलिअँपिअरचा आहे ना बघ आणि त्याचं टेस्टचं बटण दाब, खटकन ट्रिप झाला पाहिजे. दुपारी तीन-चारला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघ, तो वरच्या मजल्यावरचा फ्लॅट संध्याकाळी किती तापणार ते तिथेच कळेल.

आणि राहायला गेल्यावर पहिलं वर्ष कपाटं बाहेरच्या भिंतींना चिकटवून बनवू नकोस. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात, पण प्लास्टर-भिंतींमधली ओल पूर्ण जायला कितीतरी महिने लागतात, तोवर खिडक्या उघड्या ठेवायच्या. इंटिरिअरवाला घाई करेल, करू दे.

लोनचं तू माझ्यापेक्षा जास्त समजतेस पण एक हिशोब तुझ्यासमोर ठेवते. ९ टक्क्यांनी २० वर्षांचं लोन घेतलं तर पहिल्या हप्त्यातले सहातले पाच भाग व्याजात जातात, आणि दहा वर्षं हप्ते भरून झाले तरी मुद्दल ७१ टक्के शिल्लक असतं. व्याजदर सुरुवातीलाच ९ वरून १० झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला तर २० वर्षांची २६ होतात. म्हणून बँक देतेय म्हणून पूर्ण घेऊ नकोस. रजिस्ट्रेशन, ग्रिल, दिवे, गीझर, मीटरचं डिपॉझिट, आगाऊ मेंटेनन्स, हे सगळं त्या मोठ्या आकड्याच्या बाहेर असतं आणि सगळं एकाच महिन्यात येतं. त्याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहिले पाहिजेत, ते राहत नसतील तर एक खोली कमी घे, पण ते पैसे मोडू नकोस.

ॲग्रीमेंट वकिलाला दाखव, आणि तो बिल्डरने सुचवलेला नको. पार्किंगचा नंबर लेखी, पझेशननंतर किती काळ गळती-तड्यांची दुरुस्ती तो करून देणार ते लेखी. पुढच्या फेजचा लेआउट तुला न विचारता बदलायची मुभा त्याने स्वतःकडे ठेवलीय का, ते कलम शोधायला सांग. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला परवानगीचा सरकारी दाखला, हातात नाही तर शेवटचे पैसे नाहीत. 'येईलच' म्हणतील, आल्यावर देते म्हण.

माझं मत विचारशील तर पहिल्या फेजमधला चौथा मजला. व्ह्यू नाही, पण तिथे आत्ता माणसं राहतायत, त्यांना पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स सगळं विचारता येतं, पावसाळा त्या बिल्डिंगने काढलाय, समोर काय येणार ते येऊन झालंय. नव्या टॉवरबद्दल आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. तरी घर तुझं आहे, आराखडा बघून, पावसाचं विचारून, टेपने मोजून तुला नवा टॉवरच घ्यावासा वाटला तर मी काही बोलणार नाही, तुझ्याबरोबर सही करायला येईन. टोकन मात्र तोवर देऊ नकोस, शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत म्हणाले तरी नको.

दोन्ही बिल्डिंगचे मंजूर नकाशे मागून घे आणि फोटो काढताना स्केल आणि नॉर्थचा बाण दोन्ही दिसू देत, मागच्या फोटोत दोन्ही कापले गेलेत त्यामुळे मला पश्चिम कुठली तेच कळत नाहीये. शनिवारी मी येतेच, दुपारीच जाऊ, टेप आणि पेन्सिल मी घेऊन येईन.

तुझी,
आई