आकड्याशेजारी मतं किती, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शुक्रवारच्या पुरवणीत 'या आठवड्यात काय पाहाल' ही चौकट आहे. तिच्यात एका नव्या मराठी चित्रपटापुढे ८.९ आणि शेजारच्या हिंदी चित्रपटापुढे ७.४ असे आकडे आहेत. खाली बारीक अक्षरांत 'संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेले गुण', बस्स. सकाळच्या चहालाच आमचे यजमान म्हणाले, "घे, मराठीनं दीड गुणानं मात केली!" मी सवयीप्रमाणे त्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. ८.९ देणारे होते ४३ जण. ७.४ देणारे ५२ हजार.

हे दोन आकडे शेजारीशेजारी छापणं म्हणजे शिकवणीतल्या चाचणीचे गुण आणि बोर्डाचे गुण एकाच गुणवत्ता यादीत घालणं. मी ३१ वर्षं गणित शिकवलं, दहावीचे गठ्ठे तपासले, शेवटची काही वर्षं मॉडरेटर म्हणून, म्हणजे इतरांनी तपासलेलं पुन्हा पाहायलाही बसले. त्यामुळे कुणी गुण पुढे केले की कुणी दिले, किती जणांनी दिले आणि त्यांचा हात कसा आहे, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पत्र लांबणार आहे. कापायचं झालं तर आमच्या घरातल्या गोष्टी कापा, आकडेमोड ठेवा.

आकडेमोड सहावीच्या मुलालाही जमेल अशी आहे. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात सुरुवातीलाच १,००० मतं जमा धरू, सगळी ६.५ची, म्हणजे बऱ्यापैकी चित्रपटाला लोक देतात तेवढी. आता त्यात खरी मतं मिसळा. ४३ जणांचे ८.९ आणि हजारांचे ६.५ मिळून सरासरी येते ६.६. हिंदीवाल्याची ५२ हजार मतं त्या हजारांना केव्हाच गिळून टाकतात आणि तो ७.४वरच राहतो. हजार आणि साडेसहा हे माझे, उदाहरणापुरते घेतलेले आकडे. पण रीत माझी नाही. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळाची सर्वोत्तम २५० चित्रपटांची यादी अशाच भारित सरासरीवर लावली जाते. त्यांनी सूत्रही जाहीर केलं होतं आणि त्यात माझ्या हजारांच्या जागी येणारा किमान मतांचा आकडा २५,००० धरला होता.

यावर यजमान चिडले. म्हणाले, म्हणजे आपला चित्रपट पडला म्हण की! तसं नाही. ६.६ याचा अर्थ चित्रपट बेताचा आहे असा नाही, अजून सांगता येत नाही असा आहे. पण हे 'सांगता येत नाही' छापायला वर्तमानपत्रात जागा नसते, ८.९ छापायला असते.

आता ४३ जण कोण असतात ते सांगते, कारण एकदा त्यांच्यात मीही होते. माझा भाचा एका मराठी चित्रपटाला सहायक दिग्दर्शक होता. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वहिनीचा निरोप आला: 'सगळ्यांनी खाली दिलेल्या लिंकवर जाऊन १० द्या. दोन मिनिटांचं काम आहे.' चित्रपट तोवर कुणीच पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत ३८ मतं आणि ९.७ गुण! बेळगावच्या मामांनीही दहा दिले, ज्यांनी गेल्या वीस वर्षांत चित्रपटगृहाचं तोंड पाहिलेलं नाही. मी रविवारी कोथरूडला जाऊन चित्रपट पाहिला आणि ६ दिले. आमच्यात असं काही लपून राहत नाही. हळदीकुंकवाला वहिनीनं मला वाण दिलं, पण बोलली नाही. भाचा मात्र स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आत्या, सहा बरोबर आहेत. साउंड फसलाय आमचा. दहा देणाऱ्या एकालाही तो ऐकू आला नाही."

त्या पोराला त्या ३८ मतांचा काडीचाही उपयोग नव्हता. साउंड कुठे फसला, मध्यंतरानंतर लोक का चुळबुळायला लागले, हे त्याला हवं होतं. मराठी चित्रपटाला आधार म्हणून जे फुकटचे दहा आपण वाटतो, त्याचा परिणाम असा होतो की खरोखर ८च्या योग्यतेचा चित्रपट आला तर त्याला वेगळं ओळखायची सोयच उरत नाही. बोर्डात असं झालं असतं तर त्या परीक्षकाचा सगळा गठ्ठा परत तपासायला लावला असता.

पूर्वी तुमच्या चौकटीचं काम कोण करायचं ते आठवतं. जूनमध्ये मुलांची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलं की 'प्रभात' चित्रपटगृहासमोर (आता किबे लक्ष्मी) खेळ सुटायची वाट पाहत आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी रेंगाळायचो. बाहेर पडणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले आहेत का, पुरुष विडी पेटवायला घाईनं निघालेत का, यावरून तिकिटाचा निर्णय व्हायचा. मतदार वीस-पंचवीसच, पण समोर दिसायचे आणि चित्रपट पाहूनच बाहेर पडलेले असायचे. आता लाखो मतं आहेत आणि पदर एकाचाही दिसत नाही.

तरीही मी ही संकेतस्थळं वापरते, आवडीनं वापरते. खातं नातीनं काढून दिलं. पहिल्याच दिवशी तिनं माझी परीक्षा घेतली. "आजी, तू सगळ्यांना पाच-सहा काय देतेस? नाराज आहेस का?" मी नाराज नव्हते, माझा हातच आखडता आहे. माझी सरासरी ५.५ आणि तिची ८.५. तिला नावडलेला चित्रपटही ८ घेऊन जातो. मॉडरेटरचं निम्मं काम हेच असायचं: अमुक बाईंचा हात सैल, तमुक सरांचा कडक, हे हेरून दोघांना एका रेषेत आणायचं. शिफारस करणाऱ्या यंत्रणांनाही हे फार पूर्वी कळलं होतं, याचं मला कौतुक वाटतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातला ग्रुपलेन्स नावाचा गट १९९७पासून मूव्हीलेन्स हे विनानफ्याचं संकेतस्थळ चालवतो. त्या गटानं १९९४मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकाच्या गुणांतून आधी त्याची स्वतःची सरासरी वजा करत. म्हणजे माझे ७ हे 'अधिक दीड' आणि नातीचे ८ हे 'उणे अर्धा'. मग जिचे अधिक-उणे माझ्याशी जुळतात अशी व्यक्ती शोधायची आणि तिला काय आवडलं ते मला सुचवायचं. असं मोजलं तर माझे ७ हे तिच्या ८पेक्षा मोठी शाबासकी ठरते. पण चौकटीतल्या सरसकट सरासरीत ही वजाबाकी झालेली नसते. तिथे माझे ७ म्हणजे ७च.

मी ज्या संकेतस्थळावर गुण देते, त्याच्या अभिप्रायाच्या रकान्यात आजवर पाच पत्रं लिहिली. चार वेळा यंत्राचं 'आपल्या बहुमूल्य प्रतिसादासाठी आभार' आलं. तक्रारी बारीक आहेत, पण त्रास मोठा. एक मराठी चित्रपट तिथे दोन नोंदींत होता, कारण एकानं नावातल्या 'व'साठी इंग्रजी व्ही वापरलं आणि दुसऱ्यानं डब्ल्यू. एका नोंदीत ३८ मतं आणि ८.१, दुसरीत ५७ मतं आणि ७.२. ही पाचवी तक्रार मात्र कुणी माणसानं वाचली असावी. अडीच महिन्यांनी नोंदी एक झाल्या: ९५ मतं, ७.६. मी वहीत ताळा करून पाहिला, बरोबर होता. इंग्रजी चित्रपटाच्या बाबतीत असा घोळ दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतो. आपल्याकडे सेवानिवृत्त बाईला वही काढावी लागते.

दुसरी तक्रार अजून तशीच आहे. १९३६चा 'संत तुकाराम' मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना वडिलांबरोबर, पडद्यावर. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात तो तयार झाला आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मी त्याला ९ दिले. माझे ९ म्हणजे काय ते आता आपल्याला कळलंच आहे. त्यावर संकेतस्थळानं 'तुम्हाला हा आवडला म्हणून' असं म्हणत तीन देवादिकांच्या मालिका पुढे केल्या. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा यंत्राच्या खात्यात 'धार्मिक' एवढाच जमा झाला. हा चित्रपट आवडलेल्या माणसाला पुढे काय दाखवावं ते लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयातला कुणीही जुना माणूस उभ्याउभ्या सांगेल. पण ज्या चित्रपटांना मतं देणारेच थोडे, त्यांच्यापुरती यंत्राकडे माहिती नसते, आणि माहिती नाही म्हणून ते सुचवत नाही, सुचवत नाही म्हणून मतं येत नाहीत.

गुण देणारेही फार खरे नसतात, हेही सांगून टाकते. नेटफ्लिक्सनं २००६मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं: आमच्या शिफारशीचा अंदाज १० टक्क्यांनी अचूक करून दाखवा. ते २००९मध्ये एका चमूनं जिंकलं. एवढा खटाटोप प्रेक्षक किती तारे देईल याचा अंदाज बांधण्यासाठी, आणि २०१७मध्ये कंपनीनं ते तारेच काढून अंगठा वर, अंगठा खाली आणलं. लोक तारे देतात एकाला आणि बघतात दुसरंच, हे त्यांना दिसलं होतं. मला हे वाचून हसू आलं, कारण मीही त्यातलीच. एका गंभीर चित्रपटाला मी ८ दिले आहेत आणि तो पुन्हा पाहायची माझी हिंमत नाही. ज्याला ५ दिले तो विनोदी चित्रपट इस्त्री करताना तिसऱ्यांदा लावून झाला. अभिप्रायात मी सुचवलंय की दोन वेगळे रकाने ठेवा, 'चांगला आहे का' आणि 'परत पाहाल का'. उत्तर: बहुमूल्य प्रतिसादासाठी आभार.

आपल्या चौकटीत कधी कधी टक्केही असतात, त्याबद्दल दोन ओळी. समीक्षकांचे अभिप्राय गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांनी पसंती दिली त्याचं ते प्रमाण आहे. शाळेचा निकाल १०० टक्के लागतो तेव्हा सगळी पोरं ३५ घेऊन काठावर पास झालेली असू शकतात. म्हणून कुणी त्यांना शंभरपैकी शंभर मिळाले म्हणत नाही. पण आपण मागे '९६ टक्के गुण' असं छापलं होतं. त्याच संकेतस्थळाला २०१९मध्ये, चित्रपट लागण्याआधीच लोक मारत असलेले शेरे बंद करावे लागले, आणि पुढे तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात झाली. आमच्या वहिनीला हा नियम लागू असता तर हळदीकुंकू सुखात पार पडलं असतं.

तेव्हा विनंती अशी. चौकटीत गुणांशेजारी मतांची संख्या छापा आणि कुठल्या संकेतस्थळावरचे, कुठल्या तारखेचे तेही. हजाराच्या आत मतं असतील तर आकडा न छापता 'मतं कमी' असं लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि आपल्याच समीक्षकाचा दोन स्तंभांचा लेख गेल्या वर्षभरात आक्रसत चार ओळींवर आलाय, तो पूर्ववत करा. त्यांची मतं मला निम्म्या वेळा पटत नाहीत. पण पंधरा वर्षं वाचल्यामुळे त्यांचा हात मला माहीत आहे. त्यांनी नाक मुरडलेलं विनोदी नाटक-सिनेमा आम्ही हमखास पाहतो आणि ते 'संयत' म्हणाले की उशी घेऊन जातो. इतकी खात्रीची शिफारस अजून कुठल्या यंत्रानं मला दिलेली नाही.

ता.क. तो ८.९चा चित्रपट आम्ही रविवारी पाहिला. यजमानांनी खातं नाही म्हणून तोंडीच ९ दिले. मी ७ दिले. मतं आता ४४ आहेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०